अर्ध्या पानाचा दिवस : महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे



संपर्कसत्राच्या पहिल्या दिवशी एक प्रश्न हमखास विचारला जातो. तो अभ्यासक्रमाविषयी नसतो, परीक्षेविषयीही नसतो. नोकरी, घर, मुलांच्या शाळा, पेरणी-कापणीचे दिवस हे सारे सांभाळून अभ्यासाला वेळ आणायचा कोठून, असा तो प्रश्न असतो. त्यावर वेळापत्रक तयार करा, पहाटे उठा, असे उत्तर देण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते उत्तर चुकीचे नाही. पण ज्याने ते ऐकले त्याची आठवड्याभरात निराशा होते, हेही आम्ही शिक्षक वर्षानुवर्षे पाहत आलो आहोत. म्हणून या पाठात उपदेशाऐवजी एक चरित्र वाचू. हे चरित्र अशा गृहस्थाचे आहे, ज्यांचे नाव तुम्ही ‘भारतरत्न’ किताबाच्या यादीत वाचले असेल, परंतु ज्यांनी आयुष्यातील मोठे काम पोटापाण्याचा व्यवसाय करता करता केले, हे कदाचित तुमच्या ध्यानात आले नसेल.

पांडुरंग वामन काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी रत्नागिरी जिल्ह्यात, चिपळूणजवळच्या परशुराम परिसरातील पेढे या गावी झाला. वडील दापोलीस वकिली करीत. दापोलीच्या मिशनच्या शाळेत शिक्षण झाल्यावर काणे मुंबईस विल्सन महाविद्यालयात आले. १९०१ मध्ये ते बी. ए. झाले आणि संस्कृतसाठीचे भाऊ दाजी पारितोषिक त्यांनी मिळवले; १९०३ मध्ये ते एम. ए. झाले. येथवरची हकिकत त्या काळातील कोणाही हुशार कोकणी विद्यार्थ्याची असू शकते. आपल्या दृष्टीने महत्त्वाचा भाग यानंतर सुरू होतो.

एम. ए. झाल्यावर काणे सरकारी शाळेत शिक्षक झाले, प्रथम रत्नागिरीस आणि पुढे मुंबईस. शाळामास्तराची नोकरी करीत असतानाच त्यांनी कायद्याचा अभ्यास चालू ठेवला आणि १९०८ मध्ये एल्एल. बी.ची पदवी घेतली. १९११ मध्ये सरकारी नोकरी सोडून त्यांनी मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. त्या वेळी ते एकतीस वर्षांचे होते. सरकारी नोकरी ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. ती सोडून नव्या वकिलाने उच्च न्यायालयात बसणे म्हणजे काही वर्षे पक्षकारांची वाट पाहणे. पुढच्याच वर्षी, १९१२ मध्ये, हिंदू आणि मुसलमानी कायदा हे विषय घेऊन ते एल्एल. एम. झाले. म्हणजे नोकरी करीत एक पदवी आणि नव्या व्यवसायाची घडी बसण्यापूर्वी दुसरी. तुमच्यापैकी अनेकांची परिस्थिती याहून फार वेगळी नाही.

याच काळात त्यांचे संस्कृतचे काम थांबलेले नव्हते. १९१० मध्ये त्यांनी विश्वनाथाच्या ‘साहित्यदर्पण’ या ग्रंथाची आवृत्ती काढली. बाणभट्टाची ‘कादंबरी’ व ‘हर्षचरित’ आणि भवभूतीचे ‘उत्तररामचरित’ यांच्या विद्यार्थ्यांना उपयोगी पडणाऱ्या सटीप आवृत्त्याही त्यांनी तयार केल्या. ‘साहित्यदर्पणा’च्या प्रस्तावनेची कथा विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. पुढील आवृत्त्यांत ती वाढत गेली आणि अखेरीस संस्कृत काव्यशास्त्राचा इतिहास म्हणून स्वतंत्र ग्रंथ झाली. प्रस्तावना लिहावयास बसावे आणि ग्रंथ होऊन उठावे, ही काण्यांची जन्मभराची खोड म्हणावी लागेल. हीच खोड पुढे त्यांना एका अवाढव्य कामात घेऊन गेली.

प्रस्तावनेतून निघालेला ग्रंथ

नीलकंठ भट्ट या सतराव्या शतकातील पंडिताचा ‘व्यवहारमयूख’ हा ग्रंथ वारसा, वाटणी, दत्तक, ऋण अशा विषयांवरचा आहे. ब्रिटिश काळातील न्यायालये हिंदू कायद्याच्या प्रश्नांत जुन्या निबंधग्रंथांचा आधार घेत, आणि गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोकण या भागांत ‘मयूखा’चे वजन फार मोठे होते. मुंबईत वकिली करणाऱ्या आणि १९१७ ते १९२३ या काळात शासकीय विधी महाविद्यालयात प्राध्यापकीही केलेल्या काण्यांना या ग्रंथाची गरज रोजच्या कामात होती. त्यांची चिकित्सक आवृत्ती १९२६ मध्ये पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केली.

या आवृत्तीच्या प्रस्तावनेत धर्मशास्त्र वाङ्मयाचा थोडक्यात इतिहास द्यावा, असे त्यांच्या मनात आले. परंतु धर्मसूत्रे, स्मृती, त्यांवरील टीका आणि निबंधग्रंथ यांची उतरंड इतकी मोठी निघाली, की प्रस्तावनेत ती मावेना. म्हणून स्वतंत्र ग्रंथ लिहिण्याचे ठरले. पहिला खंड १९३० मध्ये आला. त्यात धर्मशास्त्रावरील ग्रंथ आणि ग्रंथकार यांचा कालानुक्रमे परिचय होता. आशयाचा विचार दुसऱ्या खंडात करावयाचा होता. तो खंड यायला १९४१ साल उजाडले, आणि तेराशेहून अधिक पृष्ठे खर्ची पडूनही वर्ण, आश्रम, संस्कार, आचार, दान, श्रौत यज्ञ एवढेच विषय त्यात बसले. राजधर्म, व्यवहार आणि सदाचार यांवरील तिसरा खंड १९४६ मध्ये, पातक, प्रायश्चित्त, अंत्येष्टी, अशौच, श्राद्ध व तीर्थयात्रा यांवरील चौथा १९५३ मध्ये, आणि व्रते, उत्सव, काल, शांती, पुराणे, तंत्र, मीमांसा इत्यादींना सामावणारा पाचवा खंड दोन भागांत १९५८ व १९६२ मध्ये प्रसिद्ध झाला. पाचव्या खंडाचा शेवटचा भाग हातात आला तेव्हा काणे ब्याऐंशी वर्षांचे होते.

वेळेच्या नियोजनाचा विषय निघाला की आपण ठरल्याप्रमाणे वागणाऱ्या माणसांची उदाहरणे देतो. काण्यांचे उदाहरण तसे नाही. त्यांचा अंदाज चुकला, आणि तो एकदाच चुकला असेही नाही. प्रस्तावनेचे पुस्तक झाले, एका पुस्तकाची दोन झाली, दोनांची पाच. आजच्या एखाद्या प्रकल्प-तपासनिसाने हे काम तपासले असते तर मुदत पाळली नाही असा शेरा मारून मोकळा झाला असता. परंतु चुकलेल्या अंदाजाला त्यांनी काम सोडण्याचे कारण होऊ दिले नाही. ठरवलेला अभ्यास चार दिवस चुकला की आता या वर्षी परीक्षाच नको म्हणणारे विद्यार्थी मला भेटतात, तेव्हा मला १९३० ते १९४१ ही अकरा वर्षे आठवतात.

ती अकरा वर्षे रिकामी गेली असे मात्र समजू नका. याच मधल्या काळात, १९३३ मध्ये, त्यांचा ‘कात्यायनस्मृतिसारोद्धार’ प्रसिद्ध झाला. कात्यायनाची व्यवहारावरील स्मृती मूळ स्वरूपात आज उपलब्ध नाही. नंतरच्या टीकाकारांनी आणि निबंधकारांनी तिच्यातून घेतलेले श्लोक तेवढे ठिकठिकाणी विखुरलेले आहेत. काण्यांनी ते वेचून, विषयवार लावून, अनुवाद व टिपांसह एकत्र आणले. फुटलेल्या रांजणाच्या खापऱ्या शोधून त्याचा आकार उभा करावा तसे हे काम.

थोडा हिशेब

येथे वाचन थांबवून वही-पेन्सिल घ्या. ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ या ग्रंथाची सर्व खंड मिळून पृष्ठे साडेसहा हजारांच्या आसपास भरतात. ‘व्यवहारमयूखा’ची आवृत्ती निघाली त्या १९२६ पासून शेवटच्या भागाच्या १९६२ पर्यंत छत्तीस वर्षे होतात. म्हणजे वर्षाला सुमारे १८० पृष्ठे. त्याला ३६५ ने भागा. उत्तर येते अर्धे पान. दिवसाला अर्धे छापील पान!

हा आकडा प्रथम पाहिला की थोडे हसू येते. अर्धे पान तर कोणीही लिहील. परंतु ग्रंथालयात जाऊन यांपैकी कोणताही खंड उघडा आणि एक पान नीट पाहा. वर मजकूर, खाली बारीक टंकात तळटिपा. त्यांत मूळ संस्कृत वचने आणि ती कोणत्या ग्रंथात कोठे येतात त्याचा निर्देश. एकेका विधानामागे पाच-सात ग्रंथ चाळलेले असतात. तेव्हा हे अर्धे पान स्वस्त नाही. पण ते राक्षसीही नाही. तेरा हजार दिवस ते लिहिले जाणे, एवढाच काय तो त्यातला अवघड भाग.

अर्थात सरासरी ही फसवी गोष्ट असते. कोणीही माणूस रोज नेमके अर्धे पान लिहीत नाही. काही आठवडे कोरडे जातात, काही दिवसांत दहा पाने होतात. काण्यांच्या खंडांमधली अंतरेच पाहा : अकरा वर्षे, मग पाच, मग सात, मग पाच, मग चार. वय वाढत गेले तशी गती मंदावायला हवी होती. तसे झाले नाही. याचे एक कारण उघड आहे. पहिल्या दोन खंडांच्या वेळी गोळा केलेली सामग्री, लावलेले कालानुक्रम, ओळखीचे झालेले ग्रंथ पुढच्या खंडांना आयतेच उपयोगी पडले. आरंभीच्या वर्षांत जे संथ वाटते, ते पुष्कळदा पुढच्या वर्षांसाठी साठवलेले असते.

कामाची जात

आता मला ज्या मुद्द्यावर अधिक थांबावेसे वाटते तो. काण्यांनी वेळ कसा वाचवला यापेक्षा, तुटक वेळात करता येईल असे काम त्यांनी कसे बांधले, हा प्रश्न मला अधिक फलदायी वाटतो.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांचा व्यवसाय आणि त्यांचा अभ्यास यांच्यामधली भिंत पातळ होती. वारसाहक्काच्या एखाद्या दाव्यासाठी ‘मिताक्षरा’ किंवा ‘मयूख’ चाळावे, तर ते वाचन अभ्यासालाही उपयोगी पडणार. घरी एखाद्या स्मृतीचा काळ ठरवावा, तर ते ज्ञान उद्या न्यायालयात कामास येणार. अशा माणसाच्या दिवसाचे कामाचे तास आणि अभ्यासाचे तास असे दोन कप्पे पाडताच येत नाहीत. तुम्ही बँकेत असाल, शिवणकाम करीत असाल, एस. टी.त वाहक असाल; तुमच्या कामात रोज जी भाषा कानावर पडते ती बोलींच्या अभ्यासाची सामग्रीच आहे. प्रकल्पाचा विषय निवडताना विद्यार्थी दूरचा, भारदस्त विषय घेतात आणि मग सामग्री गोळा करायला वेळ नाही म्हणतात. सामग्री त्यांच्या गल्ल्यावर येऊन उभी असते.

दुसरी गोष्ट ग्रंथाच्या रचनेची. धर्मशास्त्र हा विषयच असा आहे की त्याचे तुकडे पडतात. उपनयन हा एक संस्कार, विवाह हा दुसरा. दत्तक हे एक प्रकरण, श्राद्ध हे दुसरे. एक तुकडा घ्यावा, त्यावर सूत्रे काय म्हणतात, स्मृती काय म्हणतात, निबंधकार काय म्हणतात ते पाहावे, मांडावे, आणि पुढे जावे. कादंबरी किंवा दीर्घकाव्य लिहिणाऱ्याला सलग वेळ लागतो. मध्येच उठावे लागले तर सूर हरवतो. काण्यांच्या कामात मध्येच उठणे परवडते. शिवाय त्यांच्या खंडांत मोठमोठ्या सूची आहेत : पहिल्या खंडात धर्मशास्त्रावरील ग्रंथांची आणि ग्रंथकारांची, चौथ्यात तीर्थांची, पाचव्यात व्रतांची व उत्सवांची. सूची ही तुटक वेळाची लाडकी लेक आहे. थकलेल्या संध्याकाळी नवा युक्तिवाद सुचत नाही, पण चार नोंदी होऊ शकतात. ज्ञानकोश, शब्दकोश, सूची असली कामे ज्यांनी उभी केली त्या सर्वांना हे ठाऊक असते. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून शब्दांची टिपणे करताना मलाही याचा अनुभव आला आहे.

शब्दांचा विषय निघालाच आहे तर थोडे विषयांतर करतो. मराठीतील ‘वेळ’ हा शब्द संस्कृत ‘वेला’ या शब्दावरून आला. संस्कृतात ‘वेला’ म्हणजे काळ, तसाच किनारा, मर्यादा, भरतीही. गोव्याकडील कोंकणीत ‘दर्यावेळ’ म्हणजे समुद्राचा किनारा. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी साठा अशी कल्पना नसून काठ अशी कल्पना आहे. आपण मात्र वेळ काढतो, घालवतो, वाचवतो, मारून नेतो, जणू ती कनगीतली धान्याची रास आहे. आणि ‘सवड’ हा शब्द तर आपण असा वापरतो की ती आपोआप चालत येणारी पाहुणी असावी. काण्यांनीही काळाचा विचार केला आहे, पण वेगळ्या अर्थाने : पाचव्या खंडात काल, मुहूर्त, पंचांग यांवर त्यांनी विस्ताराने लिहिले. कोणत्या कामाला कोणती घटिका शुभ, याचा इतिहास त्यांनी जाणत्या वयात तपशिलाने मांडला. स्वतःचे काम मात्र शुभ घटिकेसाठी थांबवले नाही.

अडथळे

चरित्र वाचताना आपण कीर्तीच्या पायऱ्या मोजतो आणि त्या पायऱ्यांनी किती वेळ खाल्ला हे विसरतो. काण्यांना १९४२ मध्ये महामहोपाध्याय ही पदवी मिळाली. १९४६ मध्ये ते अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषदेच्या नागपूर अधिवेशनाचे अध्यक्ष होते. १९४७ ते १९४९ ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. १९५३ ते १९५९ ते राज्यसभेचे नामनियुक्त सदस्य होते. पॅरिस, इस्तंबूल, केंब्रिज येथील प्राच्यविद्यापंडितांच्या आंतरराष्ट्रीय परिषदांना ते गेले. १९५९ मध्ये त्यांना भारतविद्येचे राष्ट्रीय प्राध्यापक नेमण्यात आले. यातले प्रत्येक पद सन्मानाचे, आणि प्रत्येक पद अभ्यासाच्या टेबलावरून उठवणारे. तिसऱ्या आणि चौथ्या खंडांमधली सात वर्षे पाहिली तर कुलगुरुपदाची वर्षे त्यातच पडतात. हा योगायोग नसावा असे मला वाटते. मोठ्या माणसांनी समित्यांवर जावे, असे आपला समाज आग्रहाने म्हणतो. त्या समित्यांमुळे कोणते ग्रंथ लिहायचे राहून गेले त्याची यादी कोणी करीत नाही.

त्यात शरीराचे दुखणे होते. पोटातील व्रणाने काण्यांना दीर्घकाळ छळले. पथ्यपाणी, वेदना, मध्येच अंथरूण धरणे, हे सारे या छत्तीस वर्षांच्या हिशेबात आहे. दिवसाला अर्धे पान हा आकडा निरोगी माणसाचा नाही, हे ध्यानात असू द्या.

आता एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, विशेषतः या वर्गातील स्त्रियांसाठी. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गिरगावात राहणाऱ्या वकिलाच्या घरी स्वयंपाक, पाणी, मुलांची आजारपणे, येणारे-जाणारे यांची जबाबदारी घरातील स्त्रियांवर असे. त्या काळच्या सर्वच पंडितांचा वेळ अशा दुसऱ्या कोणाच्या तरी वेळेवर उभा होता. याने काण्यांचे काम लहान होत नाही. पण घर, नोकरी आणि अभ्यास ही तिन्ही ओझी एकटीने वाहणाऱ्या विद्यार्थिनीने स्वतःची तुलना त्यांच्याशी करून कष्टी होऊ नये. तिचे पाव पान त्यांच्या अर्ध्या पानाच्या तोडीचे आहे. आणि घरातील इतरांनी आठवड्यातून दोन संध्याकाळी स्वयंपाकघर सांभाळले तर त्या पाव पानाचे अर्धे होईल, हे त्यांनाही वाचून दाखवावे.

काण्यांना साधनांची सोयही होती. मुंबईच्या टाउन हॉलमधील एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय उच्च न्यायालयापासून फार दूर नाही. पुण्यास भांडारकर मंदिराचा हस्तलिखितांचा संग्रह होता. गावात राहणाऱ्या विद्यार्थ्याला असे काही मिळत नाही. तरी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासदत्व मिळते, आणि अनेकांनी ते घेतलेले नसते, हे मी अनुभवाने सांगतो.

शेवटची वर्षे

चौथ्या खंडाला १९५६ मध्ये साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले. मूळ ग्रंथ इंग्रजीत आहे. त्याचा सारांशरूप मराठी अनुवाद महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने प्रसिद्ध केला, आणि तुमच्या जिल्ह्याच्या ग्रंथालयात तो मिळण्याची शक्यता आहे. मिळाला तर संपूर्ण वाचण्याचा संकल्प करू नका. ज्या विषयाचे कुतूहल वाटेल, विवाह म्हणा, दत्तक म्हणा, त्याचे एक प्रकरण वाचा. मतभेद असतील तर तेही मांडा. धर्मशास्त्राच्या इतिहासाकडे आज अनेक बाजूंनी पाहिले जाते आणि ते योग्यच आहे. काण्यांनी पुरावे इतके उघड मांडून ठेवले आहेत, की त्यांच्याशी वाद घालू इच्छिणाऱ्यालाही सामग्री त्यांच्याच तळटिपांत सापडते.

१९६३ मध्ये त्यांना भारतरत्न देण्यात आले. वय त्र्याऐंशी. ग्रंथ पुरा झाला होता, सर्वोच्च सन्मान मिळाला होता. पण पहिल्या खंडाला तोवर तेहेतीस वर्षे होऊन गेली होती, आणि त्या अवधीत नवे ग्रंथ, नवी हस्तलिखिते, नवी संशोधने पुढे आली होती. जुना खंड तसाच पुनर्मुद्रित करणे सहज शक्य होते. काणे त्याच्या दुरुस्तीला बसले. सुधारून वाढवलेल्या पहिल्या खंडाचा पहिला भाग १९६८ मध्ये आला. तेव्हा ते अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. १९७२ मध्ये मुंबईत ते वारले. सुधारित आवृत्तीचा दुसरा भाग त्यानंतर तीन वर्षांनी, १९७५ मध्ये, भांडारकर मंदिरातून प्रसिद्ध झाला.